पारपत्र जहाजाचे, कैद माणसाला : मॅथ्यू फ्लिंडर्सची कहाणी

१/
डिसेंबर १८०३. हिंदी महासागरातील एका फ्रेंच बेटाच्या किनाऱ्याला २९ टनांचे एक गळके गलबत लागले. त्याचा कप्तान होता इंग्रज आरमारातील २९ वर्षांचा अधिकारी मॅथ्यू फ्लिंडर्स. ऑस्ट्रेलियाला पूर्ण प्रदक्षिणा घालून तिच्या किनाऱ्याचे मोजमाप त्याने नुकतेच केले होते. फ्रेंच सरकारने त्याला दिलेले पारपत्रही त्याच्याजवळ होते. आठवडाभरात दुरुस्ती करून पुढे निघावे, असा त्याचा बेत होता. त्या बेटावरून त्याची सुटका झाली ती जून १८१० मध्ये. असे का घडले, त्याचा हा वृत्तान्त.

२/
फ्लिंडर्सचा जन्म १६ मार्च १७७४ रोजी इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील डॉनिंग्टन या गावी झाला. वडील शल्यचिकित्सक होते आणि मुलाने तोच व्यवसाय करावा, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचून मुलाला समुद्राची ओढ लागली. १७८९ मध्ये तो आरमारात दाखल झाला. पुढे मित्र जॉर्ज बास याच्यासोबत १७९८-९९ मध्ये त्याने टास्मानियाला प्रदक्षिणा घातली. टास्मानिया हे मुख्य भूमीला जोडलेले नसून स्वतंत्र बेट आहे, हे त्या सफरीने सिद्ध झाले.

३/
त्या काळी ऑस्ट्रेलियाचा नकाशा अपुरा होता. पश्चिमेकडील भाग डच खलाशांनी ‘न्यू हॉलंड’ म्हणून नोंदवला होता, तर पूर्व किनारा कॅप्टन कुकने ‘न्यू साउथ वेल्स’ म्हणून. हे दोन्ही एकाच भूखंडाचे भाग आहेत की मधून एखादा समुद्र वाहतो, हे कोणालाही ठामपणे सांगता येत नव्हते. दक्षिण किनाऱ्याचा मोठा पट्टा तर कोराच होता. सर जोसेफ बँक्स या वजनदार निसर्गशास्त्रज्ञाच्या पाठिंब्याने हे काम फ्लिंडर्सकडे आले. जुलै १८०१ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे जहाज घेऊन तो निघाला. तीनच महिन्यांपूर्वी त्याचा विवाह झाला होता. पत्नी ॲन हिला सोबत नेण्याचा त्याचा मनोदय होता, पण नौदल खात्याने तो मोडून काढला.

४/
त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू होते. तरीही शास्त्रीय मोहिमांना परस्परांनी अभय देण्याची प्रथा रूढ झाली होती. फ्रान्सने याच सुमारास निकोला बोदां याची मोहीम ऑस्ट्रेलियाकडे पाठवली, तेव्हा इंग्लंडने तिला पारपत्र दिले. फ्लिंडर्सला तसेच पारपत्र फ्रान्सने दिले. पोर्तुगिजांचे कार्ताझ किंवा आंग्र्यांचे दस्तक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अशा कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र एक बाब लक्षात ठेवावी. हे पारपत्र ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाच्या नावाने होते. पुढील सारा प्रसंग या एका नावाभोवती फिरतो.

५/
८ एप्रिल १८०२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यापाशी फ्लिंडर्स आणि बोदां यांची जहाजे समोरासमोर आली. आपली सरकारे अजून लढत आहेत की तह झाला आहे, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. तरीही दोघे भेटले, त्यांनी आपापल्या शोधांची माहिती एकमेकांना सांगितली आणि शांतपणे निरोप घेतला. तो उपसागर आजही ‘एन्काउंटर बे’, म्हणजे भेटीचा उपसागर, या नावाने ओळखला जातो. पुढे बोदांचे आजारी खलाशी सिडनीला पोहोचले, तेव्हा गव्हर्नर किंग यांनी त्यांना अन्न, औषधे आणि आसरा दिला. हे फ्लिंडर्सने स्वतः पाहिले होते. फ्रेंच बंदरात आपलेही असेच स्वागत होईल, हा त्याचा विश्वास येथूनच आला.

६/
जुलै १८०२ मध्ये सिडनीहून ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणा सुरू झाली. बंगारी हा तेथील आदिवासी समाजातील पुरुष त्याच्यासोबत होता. अनोळखी किनाऱ्यांवर स्थानिक लोकांशी पहिला संवाद साधण्याचे नाजूक काम अनेकदा त्यानेच केले. उत्तरेकडील आखातात जहाजाची तपासणी झाली, तेव्हा सुतारांनी धक्कादायक अहवाल दिला. लाकूड आतून कुजले होते. हवामान चांगले राहिले तर जहाज जेमतेम सहा महिने तरेल, वादळात मात्र टिकणार नाही, असे त्यांचे मत पडले. बारकाईचे मोजमाप आवरते घेऊन ९ जून १८०३ रोजी फ्लिंडर्स सिडनीला परतला. प्रदक्षिणा पूर्ण झाली, पण ‘इन्व्हेस्टिगेटर’ निकामी ठरले.

७/
नवे जहाज मागण्यासाठी इंग्लंडला जाणे भाग होते. १० ऑगस्ट १८०३ रोजी फ्लिंडर्स ‘पॉर्पस’ जहाजावर प्रवासी म्हणून निघाला. नकाशे, रोजनिशा आणि वनस्पतींचे नमुने सोबत होते. ‘केटो’ आणि ईस्ट इंडिया कंपनीचे ‘ब्रिजवॉटर’ ही दोन जहाजेही बरोबर होती. १७ ऑगस्टच्या रात्री अंधारात समोर लाटा फुटताना दिसल्या आणि सावरण्यापूर्वीच ‘पॉर्पस’ प्रवाळखडकावर आदळले. मागून येणारी दोन्ही जहाजे वळताना एकमेकांवर धडकण्याच्या बेतात होती. ‘केटो’चा कप्तान पार्क याने ऐनवेळी वाट सोडली. ‘ब्रिजवॉटर’ वाचले, ‘केटो’ मात्र खडकावर गेले.

८/
दुसऱ्या दिवशी ‘ब्रिजवॉटर’ दूरवर दिसले. खडकावर अडकलेल्यांना वाटले, मदत आली. परंतु त्याचा कप्तान पामर याने शिडे फिरवली आणि तो निघून गेला. ‘केटो’ने ज्याच्यासाठी स्वतःचा बळी दिला, तेच जहाज पाठ फिरवून गेले. हिंदुस्थानात पोहोचल्यावर पामरने दोन्ही जहाजे माणसांसह बुडाल्याचे सांगितले. त्याच जहाजावरील विल्यम्स नावाच्या एका अधिकाऱ्याला हे वर्तन सहन झाले नाही. त्याने वेगळी हकीकत दिली आणि जहाज सोडले. पुढे ‘ब्रिजवॉटर’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाले आणि कायमचे बेपत्ता झाले. जहाज सोडल्यामुळे विल्यम्सचे प्राण मात्र वाचले.

९/
खडकाजवळ वाळूचा एक चिंचोळा उंचवटा होता. ‘केटो’वरचे तीन तरुण बुडाले, बाकीचे ९४ जण त्या वाळूवर पोहोचले. सुदैवाने ‘पॉर्पस’ लगेच फुटले नाही. त्यावरून सुमारे तीन महिने पुरेल एवढे अन्नपाणी काढता आले. शिडांचे तंबू उभे राहिले. नकाशे आणि कागदपत्रे बहुतांशी वाचली, पण लंडनच्या उद्यानासाठी जपून आणलेली जिवंत रोपे नष्ट झाली. उरलेल्यांत फ्लिंडर्सचा भाऊ सॅम्युएल होता. पुढे उत्तर ध्रुवप्रदेशाच्या शोधात प्राण गमावणारा जॉन फ्रँकलिनही, तेव्हा एक किशोर उमेदवार, त्या वाळूवर होता.

१०/
कोणी येईल याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, कारण ते येथे आहेत हे कोणाला ठाऊकच नव्हते. २६ ऑगस्ट रोजी फ्लिंडर्स, पार्क आणि बारा खलाशी एका उघड्या होडीतून सिडनीकडे निघाले. होडीला नाव दिले ‘होप’, म्हणजे आशा. अंतर होते सुमारे साडेसातशे सागरी मैल. ८ सप्टेंबर रोजी दाढी वाढलेले, उन्हाने रापलेले हे दोन कप्तान गव्हर्नर किंग यांच्या घरी पोहोचले, तेव्हा गव्हर्नर कुटुंबासह जेवायला बसले होते. ज्यांना इंग्लंडच्या वाटेवर निरोप दिला होता, तेच दारात पाहून त्यांना काही क्षण विश्वास बसला नाही.

११/
गव्हर्नरांनी सुटकेची व्यवस्था केली. चीनकडे निघालेले ‘रोला’ आणि ‘फ्रान्सिस’ व ‘कंबरलँड’ ही दोन छोटी गलबते खडकाकडे निघाली. ७ ऑक्टोबर रोजी, म्हणजे होडी निघाल्यापासून बरोबर सहा आठवड्यांनी, फ्लिंडर्स परतला. मागे राहिलेल्यांनी तोवर फुटलेल्या लाकडातून एक नवी नौका बांधून काढली होती. काही जण सिडनीला, काही चीनमार्गे निघाले. फ्लिंडर्सने मात्र ‘कंबरलँड’मधून थेट इंग्लंड गाठायचे ठरवले. जितक्या लवकर पोहोचू, तितक्या लवकर नवे जहाज मिळेल, हा त्यामागचा हिशेब होता.

१२/
‘कंबरलँड’ हे महासागर ओलांडण्यासाठी बांधलेले गलबत नव्हते. तळातून पाणी येत होते आणि ते उपसणारे पंप झिजले होते. ढेकूण आणि पिसवांचा सुळसुळाट होता. फ्लिंडर्स गुडघ्यावर कागद ठेवून नोंदी लिही. तिमोर सोडल्यावर पंपांची अवस्था बिकट झाली, तेव्हा त्याने ‘ईल द फ्रान्स’ या फ्रेंच बेटाकडे वळण्याचा निर्णय घेतला. हेच आजचे मॉरिशस. १८३४ नंतर करारबद्ध मजुरांची जहाजे याच बेटावर आली आणि त्यांतून आलेल्या कोकणी कष्टकऱ्यांमुळे तेथे आजही मराठी समाज नांदतो. फ्लिंडर्सने या बेटावर थांबू नये, असे गव्हर्नर किंग यांचे मत होते. पण अंतिम निर्णय त्याच्यावर सोपवलेला होता.

१३/
मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटल्याचे फ्लिंडर्सला बेटावर पाऊल ठेवल्यावरच कळले. तेथील गव्हर्नर जनरल शार्ल दकाँ आधीच संतापलेला होता. तहानुसार पाँडिचेरी ताब्यात घेण्यासाठी नेपोलियनने त्याला हिंदुस्थानात पाठवले होते. इंग्रजांवर नाराज असलेल्या सत्ताधीशांशी संपर्क ठेवावा, अशीही त्याला आज्ञा होती. पण इंग्रजांनी पाँडिचेरी दिली नाही आणि त्याला रिकाम्या हाताने या बेटावर यावे लागले. त्याच महिन्यांत दख्खनमध्ये दुसरे इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. सप्टेंबरात असईची लढाई झाली आणि फ्लिंडर्स बेटावर उतरला त्याच आठवड्यात विदर्भातला गाविलगड इंग्रजांनी जिंकला.

१४/
अशा गव्हर्नरासमोर एक इंग्रज अधिकारी येऊन सांगतो की मी शास्त्रीय मोहिमेचा प्रमुख आहे. पण त्याच्याजवळ ना शास्त्रज्ञ, ना ते जहाज. पारपत्र ‘इन्व्हेस्टिगेटर’चे आणि समोर उभे ‘कंबरलँड’. एवढ्या मोठ्या मोहिमेच्या प्रमुखाला कोणी इतक्या क्षुल्लक गलबतातून पाठवील, हे दकाँला पटेना. पारपत्र हे कार्याला दिले आहे, असे फ्लिंडर्सचे म्हणणे होते. दकाँच्या मते ते जहाजाला दिले होते. कागदाचे अक्षर दकाँच्या बाजूने होते, कागदाचा हेतू फ्लिंडर्सच्या.

१५/
संशयाला आणखीही आधार होता. ‘कंबरलँड’वर गव्हर्नर किंग यांचा सरकारी टपाल-संदूक होता आणि त्यातील पत्रांत लष्करी बाबींचा उल्लेख होता. शास्त्रीय अभय घेऊन फिरणाऱ्या नौकेवर असे कागद असणे प्रथेला धरून नव्हते. शिवाय या बेटावर थांबण्याची कारणे लिहिताना बंदर, वारे आणि वसाहतीची स्थिती जाणून घेण्याचा हेतूही फ्लिंडर्सने आपल्या रोजनिशीत नोंदवला होता. त्याच महिन्यात बोदांच्या मोहिमेतील निसर्गशास्त्रज्ञ फ्रांस्वा पेरों याने सिडनीच्या इंग्रज वसाहतीविषयी गुप्त अहवाल दकाँला दिला होता. सिडनीत पाहुणचार घेणाऱ्यांनी तेथे हेरगिरीही केली होती. मग समोरचा इंग्रज तसे करणार नाही, हे दकाँने कशावरून मानावे?

१६/
त्यात स्वभावांची टक्कर झाली. गव्हर्नरासमोर फ्लिंडर्सने डोक्यावरची टोपी काढली नाही. दकाँच्या पत्नीकडून भोजनाचे निमंत्रण आले, ते त्याने नाकारले. आपण मुक्त असू तेव्हाच येऊ, असा त्याचा निरोप होता. दकाँने उत्तर पाठवले की आता निमंत्रण तो मुक्त झाल्यावरच दिले जाईल. तो भोजनाला गेला असता तर सारे टळले असते काय, याचा निवाडा करता येत नाही. मात्र स्वतःच्या निर्दोषपणाची खात्री असलेल्या माणसाने समोरच्याचा संशय समजून घेण्याचा प्रयत्न केला नाही, हे निश्चित.

१७/
प्रारंभी त्याला एका खाणावळीत पहाऱ्यात ठेवले. १८०४ मध्ये ‘मेझों देस्पो’ या युद्धकैद्यांच्या वाड्यात हलवले. प्रवासात सतत सोबत असलेला ‘ट्रिम’ हा त्याचा लाडका बोका या बेटावरच नाहीसा झाला. त्याच्यावर फ्लिंडर्सने कैदेत एक हळवे चरित्रपर टिपण लिहिले. ऑगस्ट १८०५ पासून त्याला वचनावर मोकळीक मिळाली आणि प्लेन विल्हेम्स भागात मादाम दारिफा यांच्या मळ्यावर तो राहू लागला. तेथे तो फ्रेंच शिकला, घरातील मुलांना गणित आणि नौकानयन शिकवू लागला. तोमी पितो या फ्रेंच व्यापाऱ्याने तर त्याच्या सुटकेसाठी पत्रव्यवहार केला. शत्रू होते ते सरकार, माणसे नव्हेत. पळून जाण्याची संधी आली तरी दिलेल्या वचनासाठी त्याने ती घेतली नाही.

१८/
हातांत बेड्या नव्हत्या, पण काळ निसटत होता. त्याने कामाचाच आधार घेतला. जहाजातील लोखंडामुळे होकायंत्राची सुई कशी भरकटते, यावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८०५ मध्ये प्रसिद्ध केला. तो दोष दूर करण्यासाठी पुढे होकायंत्राशेजारी बसवण्यात येऊ लागलेली लोखंडी कांब आजही ‘फ्लिंडर्स बार’ म्हणून ओळखली जाते. १८०४ मध्ये त्याने संपूर्ण भूखंडाचा नकाशा कैदेतच सिद्ध केला. ऑगस्टमध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवले की या साऱ्या भूमीला आपण ‘ऑस्ट्रेलिया’ म्हणतो. आज एका खंडाला असलेले नाव असे कैद्याच्या टेबलावरून निघाले.

१९/
जोसेफ बँक्स आणि फ्रेंच विद्वानांच्या प्रयत्नांना अखेर यश आले. मार्च १८०६ मध्ये नेपोलियनने सुटकेला मंजुरी दिली. तो आदेश जुलै १८०७ मध्ये दकाँच्या हाती पडला, पण त्याने तो अमलात आणला नाही. बेटाभोवती इंग्रज आरमाराचा वेढा आवळत होता आणि बेट किती दुबळे आहे, हे फ्लिंडर्सला आता चांगलेच ठाऊक झाले होते. तो निर्दोष असला तरी त्याला सोडणे धोक्याचे होते. प्रारंभी जो संशय होता, तो कैदेनेच खरा करून दाखवला. जून १८१० मध्ये तो कैद्यांच्या अदलाबदलीच्या जहाजातून निघाला. पुढे सहा महिन्यांतच, डिसेंबर १८१० मध्ये, इंग्रजांनी ते बेट जिंकले. त्या फौजेत मुंबईहून आलेली पथकेही होती.

२०/
ऑक्टोबर १८१० मध्ये नऊ वर्षांनंतर ॲन आणि मॅथ्यू यांची भेट झाली. परंतु दरम्यान पॅरिसमध्ये पेरोंच्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला होता आणि १८११ मध्ये लुई द फ्रेसिने याने ऑस्ट्रेलियाचा संपूर्ण नकाशा छापला. दक्षिण किनाऱ्यावर नाव होते ‘तेर नापोलेआँ’. फ्लिंडर्सने आधी मोजलेल्या दोन आखातांवर बोनापार्त आणि जोझेफीन यांची नावे झळकली. फ्लिंडर्सचा स्वतःचा दोन खंडांचा ग्रंथ व नकाशासंग्रह १८ जुलै १८१४ रोजी प्रसिद्ध झाला. ‘ऑस्ट्रेलिया’ हे नाव बँक्स यांना मान्य नव्हते, म्हणून शीर्षकात ‘टेरा ऑस्ट्रेलिस’ आले. दुसऱ्याच दिवशी, १९ जुलै रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी फ्लिंडर्सचा मृत्यू झाला. आपला छापलेला ग्रंथ पाहण्याइतकी शुद्ध त्याला राहिली नव्हती.

२१/
त्याने सुचवलेले नाव मात्र टिकले. १८१७ मध्ये न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर मॅक्वारी यांनी त्याची शिफारस केली आणि १८२४ पर्यंत नौदल खात्याने ते स्वीकारले. त्याची मुलगी ॲन हिचा पुत्र फ्लिंडर्स पेट्री पुढे इजिप्तच्या उत्खननांमुळे विख्यात पुरातत्त्ववेत्ता झाला. फ्लिंडर्सचे थडगे लंडनच्या वाढत्या रेल्वेखाली हरवले होते. जानेवारी २०१९ मध्ये नव्या रेल्वेमार्गासाठी खोदकाम करताना शवपेटीवरील शिशाच्या पट्टीमुळे ते ओळखता आले. जुलै २०२४ मध्ये डॉनिंग्टन या जन्मगावी त्याचे पुन्हा दफन झाले.

२२/
दकाँला क्रूर खलनायक आणि फ्लिंडर्सला निष्पाप बळी ठरवणे सोपे आहे. कागदपत्रे मात्र एवढे सोपे चित्र देत नाहीत. फ्लिंडर्स संशोधक होता, पण तो एका साम्राज्याचा अधिकारीही होता. नकाशा हे ज्ञान होते, पण ते वसाहतीचे आणि आरमाराचे हत्यारही होते. ज्ञानासाठी दिलेले अभय राज्यकर्त्यांचा परस्परांवर विश्वास असेतोवरच टिकते. तो विश्वास आटला की कागदावर जहाजाचे नाव कोणते, एवढाच प्रश्न उरतो. फ्लिंडर्सच्या पारपत्रावरचे जहाज सिडनीच्या बंदरात निकामी होऊन पडले होते. त्या एका नावापायी एका माणसाची साडेसहा वर्षे गेली.